कर्करोगसंशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर

स्मरणिकेच्या पानांवर प्रतिवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याची आपली प्रथा आहे. संत, समाजधुरीण, दानशूर गृहस्थ, स्वातंत्र्यसैनिक अशांची चरित्रे आपण आजवर वाचत आलो. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते आपल्या ज्ञातीतील नव्हेत आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातीलही नव्हेत. त्यांनी रणांगण गाजविले नाही की सभा जिंकल्या नाहीत. सूक्ष्मदर्शक यंत्राच्या नळीस डोळा लावून मानवी देहाचे बारीक बारीक काप पाहण्यात त्यांचे आयुष्य वेचले गेले. तथापि ज्या घरात तंबाखूची चंची, सुपारीचा अडकित्ता किंवा मिसरीची डबी आहे, त्या प्रत्येक घराशी या पुरुषाच्या कार्याचा संबंध पोचतो. आणि अशी एकही वस्तू नसलेली घरे आपल्यात किती आहेत, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावे.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. असा डॉक्टर मुंबईत दवाखाना थाटून बसला असता तर त्यास द्रव्याची वाण पडली नसती. खानोलकरांनी मात्र अध्यापन आणि संशोधन हाच मार्ग पत्करला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. हे दुसरे महाविद्यालय १९२६ साली निघाले. तेथील अध्यापकवर्ग भारतीय असावा अशी अट दात्यांनी घातली होती. आपले लोक वैद्यक शिकू शकतात, पण शिकवू व शोधू शकतात काय, अशी शंका राज्यकर्ते घेत असत. त्या शंकेस उत्तर देणाऱ्या पिढीत खानोलकरांचे स्थान मोठे आहे.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे इष्ट होय. रोग्याची नाडी, ताप, जीभ पाहून निदान करणारा डॉक्टर आपणां सर्वांस परिचित असतो. परंतु गाठ दिसली म्हणजे ती कशाची आहे, हे वरून पाहून निश्चित सांगता येत नाही. त्या गाठीचा लहानसा तुकडा काढावा लागतो. तो मेणात बसवून केसाहूनही पातळ काप घ्यावे लागतात. त्यांस रंग देऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. निरोगी पेशी शिस्तीने वाढतात व आपली हद्द ओळखतात. कर्करोगाच्या पेशी शिस्त सोडतात, हद्द ओलांडतात आणि शेजारच्या मांसात, नसांत, हाडात घुसतात. हा भेद ओळखणारा तो विकृतिशास्त्रज्ञ. रोग्यास त्याचे मुख क्वचितच दिसते; परंतु शस्त्रवैद्याने किती कापावे आणि मुळी कापावे की नाही, हे पुष्कळदा त्याच्या चिठ्ठीवर ठरते.

खानोलकरांच्या आयुष्यास खरे वळण लागले ते १९४१ साली. लेडी मेहेरबाई टाटा या रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली निवर्तल्या व पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांचेही निधन झाले. सर दोराबजींच्या नावे असलेल्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळांचे संचालकपद खानोलकरांकडे आले. येथे देशाच्या सर्व भागांतून रोगी येऊ लागले. आपल्या वऱ्हाडातूनही मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवर गाडी धरून मुंबईस जाणे शक्य होते. आणि टाटाला नेले, या दोन शब्दांत एखाद्या घराची सारी चिंता सामावू लागली, ती तेव्हापासून.

त्या काळी पुष्कळांचा असा समज होता की, कर्करोग हा पाश्चात्यांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा आढळतो. खानोलकरांनी हा समज तसाच गिळला नाही. रुग्णालयात आलेल्या रोग्यांची नोंद नीट ठेवावी, रोग्याचे वय, गाव, ज्ञाती, आहार व सवयी टिपाव्यात आणि मगच बोलावे, ही त्यांची रीत होती. १९४४ साली त्यांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रोग्यांचा आढावा अमेरिकेतील एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केला. ओळीने आलेल्या म्हणजे निवडून काढलेल्या नव्हेत. आपल्या मतास सोयीचे तेवढे घ्यावे व गैरसोयीचे टाकावे असे तेथे नव्हते. कर्करोग आपल्याकडे विरळा नाही, फक्त त्याची जागा निराळी आहे, हे सत्य या नोंदींतून पुढे आले. आपल्याकडे त्याने तोंड गाठले होते. तंबाखू व विड्याच्या सवयीकडे त्रावणकोरातील व मद्रासकडील डॉक्टरांनी त्यापूर्वीच बोट दाखविले होते. खानोलकरांनी त्या संशयास मोठ्या संख्येचा व सूक्ष्मदर्शकाचा आधार दिला.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. तळहातावर तंबाखू व चुना मळून ती गोळी माणूस खालच्या हिरडीच्या व गालाच्या मधल्या पन्हळीत धरतो. बहुधा रोज तीच जागा, तीच बाजू असते. वर्षानुवर्षे तेथील नाजूक अस्तर भाजत राहते. प्रथम पांढरा किंवा तांबूस चट्टा उमटतो, पुढे न भरणारी जखम होते. हिरडीच्या खाली जबड्याचे हाड फार दूर नसते, दोहोंमध्ये पातळ अस्तर तेवढे असते. म्हणून हिरडीवरचा रोग लवकरच हाडात उतरतो, दात हलू लागतात आणि जबड्याचा भाग काढून टाकण्याची पाळी येते.

१९४५ साली खानोलकर व त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी रूढींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन केले. त्यांतील एक धोतराचा. कमरेस एकाच जागी वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने तेथील कातडीवर हा कर्करोग होतो; पुढे तसाच प्रकार लुगड्यानेही होतो असे आढळले. दुसरा खैनीचा, म्हणजे खालच्या ओठामागे तंबाखू-चुना ठेवणाऱ्यांस तेथेच होणारा. काश्मिरात थंडीपासून बचाव व्हावा म्हणून निखाऱ्याची कांगडी पोटाशी धरतात व तेथील कातडीस कर्करोग होतो, हे डॉक्टरांस आधीच ठाऊक होते. या सर्वांतून एकच सूत्र दिसते. जेथे काच, जेथे चटका, जेथे तंबाखू, तेथेच रोग.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हा मुद्दा विशेष विचारात घेण्याजोगा आहे. ज्ञातिज्ञातींत भेद काय असतात, हा प्रश्न खानोलकरांनी टाळला नाही. १९४९ साली त्यांनी व डॉ. संघवी यांनी मुंबईतील आपापसातच विवाह करणाऱ्या सहा गटांच्या सात आनुवंशिक गुणांची मोजदाद प्रसिद्ध केली. म्हणजे रक्तातील भेद मोजण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. असे असताही मुखाच्या कर्करोगाचा शोध घेताना त्यांनी रक्तावर खापर फोडले नाही. १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कर्करोगाचे रोगी व इतर माणसे यांच्या सवयी ताडून पाहिल्या होत्या. तंबाखू चघळणाऱ्यांत रोग तोंडाच्या पोकळीत अधिक. विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी, घशात व अन्ननलिकेत अधिक, असा सर्वसाधारण निष्कर्ष निघाला. एका समाजात एक रोग व दुसऱ्या समाजात दुसरा का, याचे मोठे उत्तर अशा रीतीने कुळात नव्हे, तर चंचीत सापडले. आमच्या मते याहून आशादायक शोध नाही. कूळ बदलता येत नाही; चंची मात्र फेकून देता येते.

येथे कोणी म्हणेल की, जबड्यास होणारी प्रत्येक गाठ तंबाखूचीच असते काय? तसे मुळीच नाही. जबड्यात उद्भवणाऱ्या कित्येक गाठी सौम्य असतात. दातांच्या मूळ पेशींपासून निघणाऱ्या काही गाठी वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात, हाड फुगवितात, परंतु बहुधा दूर पसरत नाहीत. याउलट हाडाच्याच पेशींतून निघणारा सार्कोमा हा विरळा पण घातक प्रकार असून तो तरुणांसही होतो. कधी शरीरातील अन्य ठिकाणचा कर्करोग जबड्यात येऊन ठाण मांडतो. १९५८ साली युगांडात काम करणारे आयरिश शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतील बालकांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या एका अर्बुदाचे वर्णन केले. पुढे त्यावर शस्त्रापेक्षा औषधेच अधिक गुणकारी ठरली. बाहेरून पाहता या सर्वांत सूज एकच दिसते, उपचार मात्र सर्वस्वी भिन्न. म्हणून तुकडा तपासल्यावाचून उपचार नाही, हा नियम खानोलकरांच्या शास्त्राचा प्राण होय. हाडाचा तुकडा असेल तर तो आधी आम्लात ठेवून मऊ करावा लागतो व त्यास काही दिवस लागतात. अहवालास उशीर झाला म्हणून चिडणाऱ्या नातलगांनी हे ध्यानी ठेवावे.

जपून ठेवलेला तुकडा किती काळाने बोलू शकतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूस १८९३ साली व्रण झाला. लोकांत घबराट होऊ नये म्हणून १ जुलै रोजी एका नौकेवर गुप्तपणे शस्त्रक्रिया करून त्यांच्या वरच्या जबड्याचा डावीकडील भाग काढण्यात आला व त्या जागी रबराचा साचा बसविण्यात आला. त्यानंतर ते १५ वर्षे जगले. तेव्हा तो कर्करोग नव्हताच, असे कित्येक म्हणू लागले. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात तो तुकडा जपून ठेवलेला होता. त्याची पुन्हा तपासणी होऊन १९८० साली निर्णय प्रसिद्ध झाला की, तो कर्करोगच होता, पण हळू वाढणारा व सहसा दूर न पसरणारा. रोग लवकर ओळखला व मुळापासून काढला, म्हणून राष्ट्राध्यक्ष जगले.

आमच्या शिक्षकी काळात एका खेड्यात आम्ही याच्या उलट प्रकार पाहिला. एका कष्टाळू शेतकऱ्याची खालची दाढ हलू लागली. बाजारच्या दिवशी कोणा फिरत्या दात काढणाऱ्याकडून त्याने ती उपटून घेतली. खाच भरेना. मुळाशी पू असेल म्हणून काढे झाले, गोळ्या झाल्या, अंगारे झाले. कपाशी घरात येईपर्यंत थांबू, मग सोयरीक आटोपू, असे करता करता सहा महिने लोटले. तो मुंबईस पोचला तेव्हा रोग मानेच्या गाठींत उतरला होता. त्याची तंबाखू पहिल्या दिवसापासून साऱ्या गावास दिसत होती; तोंडात डोकावून कोणी पाहिले नाही, इतकेच.

यास्तव वाचकांनी पुढील लक्षणे पाठ करावीत असे आम्ही सुचवितो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, पांढरा वा लाल चट्टा, कारणावाचून हलणारा दात, दात काढल्यावर न भरणारी खाच, खालच्या ओठास किंवा हनुवटीस येणारी बधिरता, जबड्याची वाढती सूज, मानेतील गाठ, आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडणे. यांपैकी एकही आढळल्यास घरगुती उपायांत काळ घालवू नये. प्रत्येक जखम कर्करोगाची नसते. पण ती नाही, हे ठरविण्याचा अधिकार शेजाऱ्याचा नव्हे. तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूतही निराधार आहे. उपचारांत शस्त्रक्रिया मुख्य असून आवश्यकतेप्रमाणे किरणोपचार व औषधे यांची जोड दिली जाते. मुखाचा रोग लहान असतानाच मानेच्या गाठीही काढल्यास अधिक रोगी वाचतात, हे टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१५ साली सिद्ध केले. काढलेल्या जबड्याच्या जागी रोग्याच्याच पायातील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह जोडून नवा जबडा घडविता येतो. आता आपल्या जिल्ह्यातील रोग्यास मुंबईच गाठावी लागते असेही नाही. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे कर्करोगाची रुग्णालये आहेत.

पुनः चरित्राकडे वळू. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली व त्याचे पहिले संचालक खानोलकर झाले. त्यांनी केवळ स्वतः शोध लावले असे नव्हे, तर शोध लावणारी माणसे घडविली. पुण्याच्या कन्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळविली. पुढे अमेरिकेत शिकून येऊन त्यांनी शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा येथे उभारली. ज्या काळी मुलींस प्रयोगशाळेचे दार क्वचितच उघडत असे, त्या काळी खानोलकरांनी गुण पाहिला, हे आपल्या कन्यांच्या पालकांनी ध्यानात घ्यावे. कर्करोगाप्रमाणेच महारोगाचाही त्यांनी सखोल अभ्यास केला. त्या रोगाची आरंभीची, अजून नीट प्रकटही न झालेली अवस्था त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली टिपली. ज्या रोग्यांस समाज वेशीबाहेर ठेवीत होता, त्यांच्या कातडीचे काप ते तितक्याच आस्थेने पाहत होते.

मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या शास्त्रीय समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्याप्रमाणेच त्यांसही राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा बहुमान लाभला. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखविलेल्या वाटेने पुढे पुष्कळ काम झाले. १९५३ साली मुंबईचे डॉ. जोशी यांनी तोंड उघडेनासे करणाऱ्या रोगाचे वर्णन केले. त्यात सुपारीचा मोठा वाटा असतो, हे पुढे स्पष्ट झाले. १९६३ साली मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू झाली, तर १९८७ साली बार्शी येथे ग्रामीण भागाची पहिली नोंदणी निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूविरहित विडा व नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे २००४ साली प्रसिद्ध केले. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरीही शाळेच्या कुंपणापाशी रिकाम्या पुड्या पडलेल्या आम्ही निवृत्तीच्या दिवसापर्यंत पाहिल्या. कायदा दुकानापर्यंत पोचतो. घराच्या ओसरीवर मात्र आपणच पोचले पाहिजे.

या चरित्रापासून आपण घ्यावयाचा बोध उघड आहे. आपल्या मेळाव्यांत, वधूवर परिचयाच्या कार्यक्रमांत, लग्नाच्या मांडवात पाहुण्यांपुढे पानसुपारीचे तबक फिरते व कोपऱ्यात तंबाखूची चंची हातोहात जाते. यामागे आदरातिथ्याची भावना असते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या पाहुण्याचे कल्याण आपण इच्छितो, त्याच्या हाती रोगाचे बीज देणे हे आतिथ्य नव्हे. संस्थेच्या कार्यकारी मंडळाने पुढील मेळाव्यापासून तबकात बडीशेप, खोबरे व खडीसाखर ठेवण्याचा ठराव करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. शक्य झाल्यास त्याच दिवशी एखाद्या दंतवैद्यास बोलावून चाळिशी ओलांडलेल्या व तंबाखूची सवय असलेल्या सर्व बंधुभगिनींच्या मुखाची तपासणी करवून घ्यावी. मिसरी लावणाऱ्या आपल्या आयाबहिणींस यातून वगळू नये. त्या संकोचाने मागे राहतात व रोग त्यांचा संकोच पाळीत नाही.

डॉ. खानोलकरांनी १००० रोग्यांच्या नोंदी जुळवून जे सांगितले, ते सूत्रात बसविण्याइतके सोपे आहे. रोग ज्ञातीत नाही, सवयीत आहे. आणि शंका आली तर विलंब नको, तुकडा तपासावा. एवढे जरी आपल्या घरोघरी रुजले, तरी त्या ज्ञानतपस्व्याचे ऋण अंशतः फिटेल असे आम्हांस वाटते.